रेतीत आणि चिखलात फसलेली गाडी : आधी फावडे, मग इंजिन

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी कच्च्या वाटेवर साध्या गाडीपेक्षा बरीच पुढे जाते. त्यामुळे ती फसते तेव्हा डांबरी रस्ता, ट्रॅक्टर आणि मोबाइलची रेंज या तिन्ही गोष्टी दूर राहिलेल्या असतात. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत वन विभाग, पोलीस, आरोग्य सेवा, खाणकाम आणि जंगल पर्यटन यांच्या कामात जिप्सी, थार, गुरखा, जिम्नी, कॅम्पर अशा गाड्या वर्षभर कच्च्या वाटांवर असतात. उन्हाळ्यात त्या नदीपात्राच्या रेतीत आणि पावसाळ्यात काळ्या मातीत किंवा धानाच्या बांधीत रुततात. दोन्ही ठिकाणी गाडी काढण्याचे सूत्र एकच आहे : जमिनीचा विरोध आधी कमी करायचा आणि जोर त्यानंतर लावायचा. हा क्रम उलटला की गाडी आणखी खाली जाते, दोर तुटतो किंवा माणूस जखमी होतो.

गाडी फसते कशी

गाडी पुढे सरकण्यासाठी टायरची जमिनीवरची पकड ही जमिनीच्या विरोधापेक्षा जास्त असावी लागते. रेतीत चाक खाली दबते आणि त्याच्यापुढे रेतीचा उंचवटा तयार होतो. चाकाला तो सतत चढत राहावा लागतो, म्हणजे तिथे मुख्य अडचण विरोधाची असते. चिखलात टायरच्या खाचा मातीने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि पकडच नाहीशी होते. ओली काळी माती चाकाला व चेसिसला चिकटून ओढूनही धरते.

चारही चाकांना जोर मिळतो याचा अर्थ चारही चाके सारखी ओढतात असा नाही. साध्या डिफरन्शियलमध्ये एका बाजूचे चाक घसरू लागले की दुसऱ्या बाजूच्या चाकालाही तेवढाच तोकडा जोर मिळतो. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक जागेवर फिरू लागले की फोर-व्हील गाडीही थांबते. गुरखासारख्या गाडीत पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात. जिम्नीत घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागून जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. आपल्या गाडीत यांपैकी कोणती सोय आहे हे चालकाने घरी असतानाच पाहून ठेवावे.

किती ओढ लागेल याचा अंदाज घेण्यासाठी लष्करी वाहने काढताना वापरला जाणारा ठोकताळा उपयोगी पडतो. चाकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे हबपर्यंत रुतलेली गाडी काढायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते, आणि मडगार्डपर्यंत बुडालेल्या गाडीला वजनाच्या दुप्पट. उतारावर दर अंशामागे वजनाचा साठावा भाग त्यात मिळवावा लागतो. सामान व माणसांसह २,२०० किलो वजनाची गाडी १५ अंशांच्या नाल्याच्या काठावर मडगार्डपर्यंत रुतली असेल, तर ४,४०० किलोंमध्ये चढाचे ५५० किलो धरून जवळपास पाच टन ओढ लागेल. तीच गाडी चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढून मोकळी केली तर हा आकडा निम्म्यावर येऊ शकतो. अर्धा तास फावडे चालवण्याची किंमत या हिशेबात दिसते.

इथल्या जमिनीची ओळख

वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पश्चिमेकडच्या तालुक्यांत कापसाची काळी जमीन आहे. पाणी प्यायली की ही माती फुगते, वाळली की आकसून भेगाळते. पावसानंतर दोन-तीन दिवसांत तिच्यावर वाळलेली खपली धरते आणि पांदण रस्ता चालण्याजोगा दिसू लागतो, पण खपलीखाली लगदा तसाच असतो. माणसाच्या पायाखाली न फुटणारी खपली दीड-दोन टनांच्या गाडीखाली फुटते. म्हणून अशा वाटेवर सब्बल किंवा टोकदार काठी खुपसून पाहावी. ती हाताच्या जोराने वीतभर आत गेली तर वाट गाडीसाठी तयार झालेली नाही.

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली आणि वैनगंगेपलीकडचा गडचिरोलीचा मोठा भाग हा धानाचा. रोवणीसाठी चिखलणी झालेल्या बांधीत वरचा थर मऊ असतो. त्याखाली वर्षानुवर्षांच्या नांगरणीने आणि चिखलणीने घट्ट झालेला थर बहुधा लागतो. चाके त्या थरावर टेकतात, मात्र तोवर गाडीचे पोट चिखलावर बसलेले असते. दुसरा धोका धुऱ्याचा. धुरा ओलांडताना गाडी मध्येच पोटावर टेकते आणि चाके अधांतरी होतात. तलाव व बोड्यांच्या पाळीखालची जमीन पाझरामुळे हिवाळ्यातही ओली राहते. तिथे हिरवे लव्हाळे किंवा दाट गवत दिसले की गाडी वळवून न्यावी.

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती आणि सिरोंच्याजवळची गोदावरी यांच्या पात्रांत उन्हाळ्यात रेतीचे मोठे पट्टे उघडे पडतात. कोरडी रेती सर्वांत मऊ असते. किंचित ओलसर रेती टणक लागते. पाण्याच्या अगदी कडेची, पाण्याने पूर्ण भरलेली रेती मात्र पायाखाली थरथरते आणि गाडी पाहता पाहता गिळते. पहाटे रेती थंड व दमट असल्याने वाट बरी असते, दुपारी तीच भुसभुशीत होते. रेती उपशाचे जुने खड्डे पुराच्या गाळाने भरून वरून सपाट दिसतात. ओळखीचा माणूस पुढे चालल्याशिवाय रेतीघाटाच्या जवळपास आडवाटेने गाडी घालू नये.

सोबत काय असावे

लांब दांड्याचे फावडे, सब्बल, टायरमधली हवा मोजायचे मीटर, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि जॅकखाली घालायला साधारण एक फूट लांब-रुंद, दोन इंच जाडीची लाकडी फळी हे किमान सामान आहे. चामड्याचे हातमोजे, टॉर्च, प्रथमोपचार पेटी आणि माणशी चार-पाच लिटर पाणीही हवे. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा रेती उपसणाऱ्या माणसाला ऊन लागणे ही गाडी फसण्यापेक्षा मोठी आपत्ती ठरते.

यापुढचे सामान ओढण्यासाठीचे. त्यात ताणला जाणारा नायलॉनचा रिकव्हरी दोर, न ताणला जाणारा रुंद पट्टा, भार कोरलेले दोन शॅकल आणि चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या येतात. दोराची तुटण्याची क्षमता गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. १९ मिलिमीटरच्या शॅकलवर सहसा ४.७५ टन भार कोरलेला असतो आणि या वर्गातल्या गाड्यांना तो पुरतो. भार न लिहिलेला शॅकल, लोखंडी साखळी आणि बांधकामावरचा जुना वायररोप सोबत ठेवू नये, कारण अडचणीच्या वेळी तेच हाती घेतले जाते.

पट्ट्या नसतील तर गावातले सामान कामी येते. तणस, पऱ्हाट्या, तुराट्या, बारदाना, बांबूचा ताटवा यांचा चांगला उपयोग होतो. पऱ्हाट्यांची जुडी चाकाच्या वाटेला आडवी टाकली की टायर तिला धरतो. सुटे गोल बांबू मात्र चाकाखाली गरगर फिरतात आणि ओले असतील तर घसरतात, म्हणून ते फोडून किंवा बांधून ताटव्यासारखे वापरावेत. पोत्यात रेती किंवा मुरूम भरून खोल चाकोरी बुजवता येते. वाळलेले तणस गरम सायलेन्सरला लागू देऊ नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन विभागाचा वणव्याचा हंगाम असतो आणि गाडीखाली पेटलेले मूठभर तणस जंगल पेटवू शकते.

फसल्यावरची पहिली पाच मिनिटे

गाडी पुढे सरकणे थांबले की पाय तत्काळ ॲक्सिलरेटरवरून काढावा. जागेवर फिरणारे चाक प्रत्येक फेऱ्यात स्वतःचा खड्डा खोल करते, आणि काही सेकंदांत गाडी ॲक्सलवर टेकते. त्यानंतर एकदाच, अगदी हलक्या पायाने, आलेल्या चाकोरीतूनच मागे येण्याचा प्रयत्न करावा. ती वाट गाडीच्याच वजनाने दाबली गेलेली असते, म्हणून सुटकेची पहिली शक्यता बहुतेक वेळा मागेच असते. चाक पुन्हा घसरले की इंजिन बंद करून खाली उतरावे.

गाडीला फेरी घालून चार गोष्टी पाहाव्यात : कोणते चाक किती खोल गेले आहे, पोट टेकले आहे का, पुढे-मागे टणक जमीन किती अंतरावर आहे आणि गाडी कोणत्या बाजूला कलली आहे. पोट टेकले असेल तर चाकाखाली काहीही घातले तरी ते अपुरे पडते, कारण गाडीचे वजन चाकांवर नसून चिखलावर असते. सायलेन्सरचे तोंड रेतीत किंवा चिखलात बुडाले असेल तर आधी ते मोकळे करावे. तसे न करता इंजिन आणि एसी चालू ठेवून आत बसल्यास विषारी वायू गाडीत शिरू शकतो. पुढची चाके सरळ आहेत ना, हे खिडकीतून वाकून डोळ्यांनी पाहावे. चिखलात स्टीअरिंगच्या अंदाजावर विसंबता येत नाही, आणि वाकडे राहिलेले चाक नांगरासारखे माती ढकलत राहते.

स्वतःच्या बळावर बाहेर पडणे

इथून पुढच्या पायऱ्या याच क्रमाने कराव्यात. एकेका पायरीनंतर गाडी हलते का हे पाहता येते, पण पोट टेकलेले असताना तो प्रयोग करू नये.

पहिली पायरी वजन कमी करण्याची. माणसे उतरवावीत, टपावरचे आणि मागचे जड सामान काढावे.

दुसरी पायरी खोदण्याची. सुटकेची दिशा आधी ठरवावी, ती शक्यतो मागची किंवा उताराची असावी. मग त्या दिशेला प्रत्येक चाकापुढे सौम्य चढाचा रस्ता करावा. चाकापुढे नुसता खड्डा केला तर चाक त्याच्या उभ्या काठावर अडते. त्यानंतर ॲक्सल, डिफरन्शियलचा गोळा आणि चेसिस यांखालची माती काढावी. माती काढायला हात आत घालू नये. झाकलेल्या काटक्यांशिवाय चिखलाच्या कडेला व तणसात घोणस, मण्यार, विंचू असतात. गाडी जॅकवर असताना तिच्याखाली अंगाचा कोणताही भाग जाऊ नये.

तिसरी पायरी हवा कमी करण्याची. डांबरी रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय हवा असते. रेतीत ती चारही टायरमध्ये १८ पर्यंत आणावी, गरज पडली तर १५ पर्यंत. हवा कमी झाली की टायर मुख्यतः लांबीने पसरतो, जमिनीवरचा दाब घटतो आणि चाक रेतीत घुसण्याऐवजी तिच्यावरून जाते. रेतीत फसलेल्या गाड्यांपैकी अनेक एवढ्यानेच निघतात. चिखलात २० ते २२ पुरे. खाली टणक थर असलेल्या बांधीत हवा फार कमी करण्याचा विशेष फायदा होत नाही. १२ पीएसआयच्या खाली टायर रिममधून निसटण्याची भीती असते, विशेषतः वळताना.

चौथी पायरी गियरची. ट्रान्सफर केस ‘४एल’मध्ये, म्हणजे फोर-व्हील लोमध्ये टाकावा. या गियरमध्ये चाके बरीच कमी वेगाने आणि अधिक जोराने फिरतात, म्हणून पाय हलका ठेवता येतो. बहुतेक गाड्यांत ‘४एल’ टाकण्यासाठी गाडी उभी आणि गियर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागणाऱ्या जुन्या गाड्यांत ते लॉक झाले आहेत का हे आधी बघावे. हे राहून गेले तर गाडी मागच्या दोन चाकांवरच झगडत राहते. रेतीत पहिल्याऐवजी दुसऱ्या गियरमध्ये निघावे, म्हणजे चाक एकदम फिरून घसरत नाही. डिफरन्शियल लॉक असल्यास तो आता लावावा आणि टणक जमिनीवर येताच काढावा, कारण लॉक असताना गाडी नीट वळत नाही.

पाचवी पायरी चाकाखाली आधार देण्याची. पट्टी, ताटवा किंवा पऱ्हाट्यांची जुडी चाकाला घट्ट भिडवून ठेवावी. चाक खोल गेले असेल तर फळीवर जॅक ठेवून गाडी उचलावी, चाकाखालचा खड्डा दगड-मुरूम-पोत्यांनी भरावा आणि मग गाडी त्यावर उतरवावी. फळीशिवाय जॅक लावला तर गाडी वर येण्याऐवजी जॅक खाली जातो. हायलिफ्ट जॅक वापरताना त्याच्या दांड्याच्या झोतात डोके येऊ देऊ नये. तो सुटला की जबड्यावर बसतो. चाक फिरू लागले की पट्टी किंवा ताटवा मागे वेगाने फेकला जातो, म्हणून चाकांच्या रेषेत कोणीही उभे राहू नये.

यानंतर हलक्या, एकसारख्या जोराने निघावे आणि निघाल्यावर थांबू नये. टणक जमीन लागेपर्यंत चालत राहून मगच पट्ट्या आणि माणसे गोळा करावीत.

रेतीतले आणि चिखलातले फरक

रेतीत चाक घसरू देणे हा तोटाच आहे. घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा रेतीत इंजिनाचा जोर ऐन वेळी कापते, म्हणून बहुतेक गाड्यांत ती बंद करावी. वळण मोठे घ्यावे. थांबायचे असेल तर ब्रेक दाबू नये, गाडी आपोआप थांबू द्यावी, म्हणजे चाकांपुढे रेतीचा बांध तयार होत नाही. थांबण्यासाठी उताराकडे तोंड असलेली जागा निवडावी. गाडी अडकली तर ती फुटभर मागे-पुढे झुलवून चाकाखालची रेती दाबत न्यावी आणि तिला वेग मिळाला की एकदम निघावे. मार्कंडादेवच्या यात्रेसारख्या वेळी नदीकाठच्या रेतीवर शेकडो वाहनांच्या चाकोऱ्या पडतात. त्या उकरल्या गेल्यामुळे अधिक मऊ असतात, तेव्हा शेजारची न तुडवलेली पट्टी निवडणे बरे.

चिखलात थोडी घसरण उपयोगाची असते. चाक जरा वेगाने फिरले की खाचांतली माती फेकली जाते आणि टायर पुन्हा धरू लागतो. गाडी किंचित सरकत असेल तेव्हाच हे करावे. स्टीअरिंग डावीकडे-उजवीकडे पाव फेरा झपझप हलवले तर टायरची बाजू चाकोरीच्या भिंतीला धरते. एकच चाक अधांतरी फिरत असेल आणि लॉकची सोय नसेल, तर जोर देताना ब्रेक अगदी हलका दाबावा. फिरणाऱ्या चाकाला विरोध मिळाला की दुसऱ्या चाकापर्यंत जोर पोचतो. काळ्या मातीने धरलेले चाक सोडवण्यासाठी आधी त्याच्या कडेने सब्बल घालून हवेला वाट करून द्यावी. ही चिकटण तुटली की पुढची ओढ बरीच हलकी होते.

दुसऱ्या गाडीने किंवा ट्रॅक्टरने ओढणे

या भागात बहुतेक गाड्या शेवटी ट्रॅक्टरच काढतो. ओढण्याआधीही खोदण्याची आणि हवा कमी करण्याची पायरी चुकवू नये, कारण दोरावरचा ताण त्यानेच घटतो.

दोर कंपनीने ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच लावावा. हा हुक चेसिसला बोल्टने किंवा वेल्डिंगने पक्का असतो. बंपर, स्टीअरिंगचा दांडा, पाटे, ॲक्सल, आणि गाडी ट्रकवर बांधण्यासाठी दिलेले पातळ कान यांना दोर बांधू नये. तुटलेला लोखंडी तुकडा दोराबरोबर दुसऱ्या गाडीच्या काचेतून आत जातो. ट्रेलर जोडण्यासाठी मागे बसवलेल्या गोळ्याला दोर लावल्याने जगभर माणसे दगावली आहेत. शॅकलचा पिन पूर्ण आवळून पाव फेरा सैल ठेवावा, नाहीतर ताण पडल्यावर तो उघडत नाही.

झटका द्यायचा की एकसारखे ओढायचे हे दोरावर ठरते. ताणला जाणारा नायलॉनचा दोर लांबीच्या २० ते ३० टक्क्यांपर्यंत ताणला जातो. ओढणारी गाडी थोडा झोल ठेवून सावकाश निघाली की दोरात साठलेली शक्ती फसलेल्या गाडीला अलगद उचलते. न ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याला किंवा साखळीला मात्र झटका कधीच देऊ नये; आधी ताण घ्यावा, मग ओढावे. दोराच्या मध्यावर ओले पोते किंवा जाड चादर टाकावी, म्हणजे तो तुटला तर उसळत नाही. बघणाऱ्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर आणि बाजूला थांबावे. ताणलेला दोर कोणी ओलांडू नये. इशारे एकाच माणसाने द्यावेत. गावातली दहा माणसे मदतीला आली की दहा जण हात हलवतात, आणि अपघात बहुधा तेव्हाच होतो.

ट्रॅक्टरबाबत आणखी एक नियम पाळावाच लागतो. दोर मागच्या खालच्या ड्रॉबारलाच लावावा. टॉपलिंकच्या जागी, सीटखाली किंवा ॲक्सलच्या वर दोर बांधला, आणि फसलेली गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टर स्वतःच्या मागच्या चाकांभोवती फिरून मागे उलटतो. हे सेकंद-दोन सेकंदांत घडते आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ट्रॅक्टर सर्वांत खालच्या गियरमध्ये, क्लच हळू सोडत चालवावा. पुढची चाके उचलू लागली की तत्काळ क्लच दाबावा. फसलेल्या गाडीच्या चालकानेही ‘४एल’मध्ये हलका जोर द्यावा, फक्त ओढून घेत बसू नये.

विंच असल्यास तिची क्षमता गाडीच्या एकूण वजनाच्या किमान दीडपट हवी. जिवंत, जाड, बुंध्यापाशी टणक जमीन असलेल्या झाडाला रुंद पट्ट्याने, जमिनीजवळ आधार घ्यावा. उघडा दोर सालीत रुततो आणि झाड मरते. वाळलेले झाड, बांबूचे बेट, विजेचा खांब किंवा वनहद्दीचा दगड आधाराला घेऊ नये. रेतीपात्रात झाड नसते. तिथे ओढीच्या दिशेला आडवा, कमरेइतका खोल चर खणून त्यात स्टेपनी किंवा जाड ओंडका पुरावा आणि पट्ट्यासाठी पुढच्या भिंतीत तिरकी खाच ठेवावी. वरून रेती चांगली दाबली की तो आधार गाडी ओढण्याइतका भार घेतो. फिरकीचा ब्लॉक वापरून दोर परत आणला तर ओढ जवळपास दुप्पट होते, वेग मात्र निम्मा होतो.

पाणी वाहत असेल तेव्हा

रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालणे हा फसण्याचा सर्वांत महाग प्रकार आहे. फूटभर वाहते पाणी हलकी गाडी ढकलू शकते, दोन फूट पाणी जवळपास कोणतीही गाडी वाहून नेते. भामरागडजवळ पर्लकोटा नदीवरचा ठेंगणा पूल पावसाळ्यात वारंवार पाण्याखाली जाऊन तालुक्याचा संपर्क तुटत आला आहे. तिथे वाट पाहणे हाच उपाय. वैनगंगेच्या पात्रात तर आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढते, कारण वर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर त्याच्या ३३ दरवाजांतून सोडलेल्या विसर्गाने ब्रह्मपुरी आणि देसाईगंज परिसरात पूर आला होता. पात्रात गाडी फसली असेल आणि पाणी चढू लागले, तर माणसे काठावर न्यावीत आणि गाडी सोडून द्यावी.

गाडी पाण्यात बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नये. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढावी. एअर फिल्टर ओला असेल तर मेकॅनिकला इंजेक्टर किंवा प्लग काढून पाणी बाहेर काढू द्यावे, त्यानंतरच स्टार्टर लावावा.

जंगलात असताना

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात पर्यटनासाठी सहसा बंद असते. चिखलाची बरीच अडचण तिथे त्यामुळेच टळते. बफरमधल्या वाटा मात्र पहिल्या पावसात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात रुततात. सफारीत गाडी फसली तर पर्यटकांनी खाली उतरू नये. काय करायचे हे गाइड, चालक आणि वनरक्षक ठरवतात, आणि बहुधा मागून येणारी जिप्सी ओढते. फसलेला भाग टाळण्यासाठी ठरलेली वाट सोडून गवतात गाडी घालण्यास मनाई असते.

सफारीबाहेरच्या जंगलवाटेवर कामासाठी उतरावे लागले तर एका माणसाने फक्त आजूबाजूला लक्ष ठेवावे आणि वाकून खोदणाऱ्याने पाठ झुडपाकडे ठेवू नये. ब्रह्मपुरी वनविभागात वाघांचा वावर गावांच्या शिवारापर्यंत आहे. २०२१ पासून गडचिरोलीच्या धानोरा, कुरखेडा, आरमोरी भागांत रानहत्तींचा कळपही फिरत आला आहे. हत्ती जवळ आहेत असे कळले तर गाडी तशीच सोडून मागे हटावे, हॉर्न वाजवून त्यांना डिवचू नये. चाकाखाली घालण्यासाठी राखीव जंगलातले उभे झाड किंवा फांदी तोडणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. पडलेली काटकी आणि दगड पुरतात.

सूर्यास्ताला तास उरला असेल आणि गाडी निघण्याची चिन्हे नसतील, तर काम थांबवून मदत मागावी. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक आहेत. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांत रेंज सलग नसते. म्हणून निघण्याआधीच वाट आणि परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून ठेवावी. वाट नीट ठाऊक नसेल तर अंधारात चालत निघण्यापेक्षा गाडीत थांबणे सुरक्षित असते.

बाहेर आल्यावर

टणक जमिनीवर आल्यावर आधी ‘४एल’ आणि डिफरन्शियल लॉक काढावा. साध्या फोर-व्हील यंत्रणेची गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ‘४एच’मध्ये चालवू नये. वळणावर पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि तो ताण ट्रान्सफर केसवर येतो. त्यानंतर टायरमध्ये हवा भरावी. १८ पीएसआयवर ताशी ३० किलोमीटरपेक्षा वेगाने गाडी चालवली तर टायर तापतो आणि फुटू शकतो. पंप नसेल तर जवळच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत अगदी सावकाश जावे.

निघण्याआधी चाकाचे नट, ब्रेकचे पाइप आणि खालची गळती पाहावी. ओले ब्रेक सुकवण्यासाठी काही अंतर हलके दाबत चालावे. रिमच्या आत साचलेली काळी माती वाळली की चाकाचा तोल जातो आणि महामार्गावर स्टीअरिंग थरथरते, म्हणून ती त्याच दिवशी पाण्याच्या जोरदार धारेने काढावी. रेडिएटरच्या जाळीत बसलेला चिखल आतून बाहेर धुवावा. हब पाण्याखाली गेले असतील तर डिफरन्शियल आणि गियरबॉक्सचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे आणि तेल लगेच बदलावे लागते. दोर धुऊन सावलीत वाळवावा, कारण धाग्यांत अडकलेली रेती त्याला आतून कापत राहते. कापलेला, वितळलेला किंवा विटलेला दोर पुन्हा ओढण्यासाठी वापरू नये. शेवटी वाटेत केलेले खड्डे आणि चर बुजवावेत, नाहीतर रात्री बैलगाडी किंवा दुचाकी त्यात जाते.